सैरंध्रीचें अरण्य

पांडव वनवासांत असतांना जेथें मुक्काम करून गेले नाहींत असा डोंगर हिंदुस्थानांत सांपडणें कठीण आहे. नाशिकजवळचीं बौद्ध लेणीं लोकांनीं केव्हांच पांडवांच्या नांवावर चढवून टाकलीं आहेत. तीच गोष्ट दक्षिणेंत, केरळांतील पालक्काड जिल्ह्यांत घडली आहे. नीलगिरीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांत, उंच कड्यांनीं वेढलेल्या एका खोऱ्यांतून जी नदी वाहते तिचें नांव कुंतीपुळा, म्हणजे कुंतीची नदी. ती नदी डोंगराची भिंत फोडून मैदानाकडे निघते त्या अरुंद जागेला सैरंध्री म्हणतात. विराटाच्या घरीं दासी होऊन राहिलेल्या द्रौपदीनें जें नांव धारण केलें होतें तेंच हें नांव. सगळ्या खोऱ्यालाच आसपासचे लोक सैरंध्रीवन म्हणत आले.

इंग्रजांनीं त्याचें नांव सायलेंट व्हॅली असें ठेवलें. हें निःशब्द खोरें म्हणवण्याचें कारण काय, याविषयीं तीन मतें सांगितलीं जातात. सैरंध्री हा शब्द साहेबाच्या जिभेवर वळेना, म्हणून त्याचा सायलेंट झाला, हें पहिलें. भारतांतील प्रत्येक जंगलांत कानठळ्या बसविणारा रातकिड्यांचा व झाडकिड्यांचा गजर येथें ऐकूं आला नाहीं, म्हणून तें नांव पडलें, हें दुसरें. आणि येथें राहणाऱ्या एका काळ्या वानराचें शास्त्रीय नांव सायलेनस असें आहे, त्यावरून तें आलें, हें तिसरें. पहिलें मत लोकांस अधिक आवडतें. दुसऱ्याची अडचण अशी कीं या जंगलांत आज किड्यांचा आवाज चांगला ऐकूं येतो. कोणतेंही मत खरें धरलें तरी एक गोष्ट विलक्षण आहे. ज्या खोऱ्याला निःशब्द म्हटलें गेलें, त्याच्याइतका वादविवादाचा कोलाहल स्वतंत्र भारतांत दुसऱ्या कोणत्याही अरण्याविषयीं क्वचितच झाला असेल.

तो कां झाला हें समजण्यास अगोदर तेथील हवापाण्याकडे वळलें पाहिजे. सदाहरित वर्षावन म्हटलें कीं पुष्कळ पाऊस, एवढेंच सामान्यतः आपल्या मनांत येतें. परंतु केवळ पावसाचें मोजमाप पुरेसें नाहीं. महाबळेश्वरास वर्षाकाठीं साडेपांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. सैरंध्रीच्या खोऱ्याच्या तळाशीं तो सरासरीनें तीन हजारांच्या आसपास असतो. पश्चिमेकडील माथ्यांवर मात्र पुष्कळ जास्त. असें असूनही महाबळेश्वरच्या पठारावर अंजनी, जांभूळ आणि पिसा यांचें बुटकें, दाट रान आहे, आणि सैरंध्रीस तीस-चाळीस मीटर उंचीचीं झाडें एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभीं आहेत. जमीन आणि वारा यांचा भाग त्यांत आहेच. पण मोठा फरक कोरड्या महिन्यांचा आहे. महाबळेश्वरीं चार महिने आभाळ फुटतें आणि मग सहा-सात महिने थेंब पडण्याची मारामार. दक्षिणेस नैर्ऋत्येकडील पाऊस सप्टेंबरांत ओसरतो न ओसरतो तोंच ऑक्टोबर-नोव्हेंबरांत ईशान्येकडील पावसाच्या सरी येतात, आणि पुढें उन्हाळ्यांतही वळीव लवकर येतो. खरा कोरडा काळ दोन-तीन महिन्यांचाच. वर्षाची सरासरी उष्णता वीस अंश सेंटिग्रेडच्या आसपास असते, आणि जूनपासून डिसेंबरपर्यंत हवा ओलसर कापडासारखी असते. झाडाला पानें गाळून उपास काढण्याची वेळच येत नाहीं. सह्याद्रि एकच, पण उत्तरेकडून दक्षिणेकडे जावें तसतसा कोरडा काळ आखूड होत जातो, आणि जंगल उंच होत जातें.

असल्या जंगलाची रचना माडीवर माडी चढविलेल्या वाड्यासारखी असते. सर्वांत वर कांहीं थोड्या महावृक्षांचे शेंडे, त्याखालीं पानांचें अखंड छत, त्याखालीं सावलींत वाढणारीं लहान झाडें, आणि तळाशीं ओल्या पानांचा थर. सूर्याचा प्रकाश वरच छतावर खर्ची पडतो. जमिनीपर्यंत त्याचा अगदीं अल्प अंश पोहोंचतो. त्यामुळें आंत शिरणाऱ्या माणसास झुडपांची गर्दी अपेक्षेपेक्षां कमी आढळते आणि अंधुक हिरवा उजेड मात्र सर्वत्र असतो. मोठ्या झाडांचीं मुळें खोलवर जाण्याऐवजीं बुंध्याभोंवतीं भिंतींसारखीं उभीं राहून आधार देतात. पुष्कळ पानांचीं टोकें लांब व निमुळतीं असतात. त्यांवरून पाणी चटकन् निथळतें. फांद्यांवर आमरें, नेचे आणि शेवाळें यांच्या बागाच्या बागा लागलेल्या असतात. खोऱ्यांत फुलझाडांच्या सुमारें एक हजार जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यांपैकीं शंभरांवर आमरींच्या आहेत.

या वैभवाखालची जमीन मात्र फार श्रीमंत असते असें नव्हे. पान गळून पडलें कीं बुरशी आणि किडे तें थोड्याच दिवसांत कुजवून टाकतात, आणि मुळें तें सत्त्व लागलीच वर ओढून घेतात. भांडवल जमिनींत नसून झाडांत गुंतलेलें असतें. झाडें तोडून नेलीं म्हणजे भांडवलच गाडीवर घालून नेल्यासारखें होतें, आणि उरलेली माती पुढच्या दोन-चार पावसांत नदींत जाते. जंगल तोडलें तरी पुन्हां लावतां येईल, ही समजूत साग किंवा निलगिरीच्या बाबतींत चालेल. येथें चालत नाहीं.

या वाड्याचा वरच्या मजल्यावरचा रहिवासी म्हणजे सिंहपुच्छ वानर. अंग काळें कुळकुळीत, तोंडाभोंवतीं रुपेरी आयाळ, आणि शेपटीच्या टोंकाला सिंहाच्या शेपटीसारखा गोंडा. जगांत तें फक्त पश्चिम घाटांत, कर्नाटकांतील शरावती-अघनाशिनीच्या परिसरापासून दक्षिणेकडे, तुटक तुटक टोळ्यांनीं राहतें. आपल्या नेहमींच्या माकडाप्रमाणें देवळाच्या पायरीवर बसून चणे खाणारें हें जनावर नव्हे. त्याचें जवळजवळ सगळें आयुष्य झाडांवर जातें. त्याच्या आहारांत एका झाडाला विशेष मान आहे. मलयाळींत त्या झाडाला वेडिप्लावु म्हणतात. शब्दशः बाराचा फणस. फुलें व फळें फांदीच्या जाड खोडावरच लगडतात. फळ काटेरी असतें आणि पिकलें म्हणजे तडकतें. इतर फळांचा तुटवडा असतो त्या दिवसांत हेंच झाड या वानरांना पोसतें. हें झाड हवें तर तसलें सलग सदाहरित जंगल हवें. मध्यें रुंद रस्ता, मळा किंवा पाणी पसरलें कीं टोळ्या एकमेकींपासून तुटतात. एका वानराचें भवितव्य एका फळावर आणि त्या फळाचें सलग छतावर अवलंबून असतें, ही साखळी ध्यानांत ठेवली म्हणजे पुढील इतिहास नीट कळतो.

शेजारीं आणखी पुष्कळ मंडळी आहेत. काळें नीलगिरी वानर, मोठी शेकरू, नागराज, हत्ती, माथ्यावरच्या गवताळ कड्यांवर नीलगिरी ताहर नांवाची रानबकरी. महाधनेश पक्षी छतावरून उडूं लागला म्हणजे त्याच्या पंखांचा आवाज आगगाडीच्या इंजिनाच्या धापेसारखा दूरवर येतो. त्याची मादी ढोलींत स्वतःला कोंडून घेऊन अंडीं उबवते आणि नर एका फटींतून तिला फळें भरवतो. ओढ्याकाठीं शीळकरी कस्तूर शीळ घालतो. त्याची ओळख सह्याद्रींत हिंडणाऱ्यांस करून देण्याची गरज नाहीं.

या खोऱ्याची शास्त्रीय पाहणी १८४७ सालापासूनची सांगितली जाते. मद्रास इलाख्यांत कंपनी सरकारच्या नोकरींत असलेला स्कॉटिश डॉक्टर व वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइट यानें त्या वर्षीं येथील पाणलोटाची पाहणी केली. मलबार तेव्हां मद्रास इलाख्याचा जिल्हा होता. १९१४ सालीं खोरें राखीव जंगल म्हणून जाहीर झालें. राखीव याचा अर्थ कुऱ्हाडीपासून राखलेलें असा नव्हता. पुढें १९२७ पासून १९७६ पर्यंत खोऱ्याच्या कांहीं भागांत निवडक झाडांची तोड चालूच होती. गाभा मात्र वांचला. आंत माणसाची वस्ती नव्हती, वाटा अवघड होत्या, आणि जळवांचा व तापाचा बंदोबस्त कोणत्याही पहारेकऱ्यापेक्षां कडक होता. शेजारच्या अट्टप्पाडीच्या डोंगरांत इरुळर, मुडुगर आणि कुरुंबर हे आदिवासी राहतात. मध, डिंक आणि औषधी मुळ्या यांच्यासाठीं रानांत जाणें हा त्यांचा जुना परिपाठ.

१९२८ सालीं सैरंध्रीच्या अरुंद खिंडीकडे दुसऱ्याच दृष्टीनें पाहिलें गेलें. धरण बांधून वीज उत्पन्न करण्यास ही जागा उत्तम, असें त्या वर्षीं ठरलें. इंजिनियराच्या दृष्टीनें तें बरोबरच होतें. दोन्हीं बाजूंस खडक, मध्यें चिंचोळी वाट, मागें कढईसारखें खोरें आणि समोर मैदानाकडे खोल उतार. निसर्गानें धरण जवळजवळ बांधूनच ठेवलें होतें, फक्त फट बुजवायची राहिली होती.

तो काळच तसा होता. टाटांच्या खोपोली येथील केंद्रांतून १९१५ पासून सह्याद्रीच्या पावसाची वीज मुंबईच्या गिरण्यांत खेळूं लागली होती. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्यें सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह झाला, तो शेतकऱ्यांच्या भातखाचरांसाठीं आणि घरांसाठीं झाला. बुडणाऱ्या रानाविषयीं त्या वेळीं कोणी शब्द काढल्याचें फारसें दिसत नाहीं. पिढीच वेगळी होती. १९६० नंतर कोयनेच्या खोऱ्यांत पाणी चढलें तेव्हांही महाराष्ट्रानें त्याकडे अभिमानानेंच पाहिलें. तेव्हां केरळीयांनीं सैरंध्रीच्या पाण्याकडे आशेनें पाहिलें याबद्दल त्यांना दोष देण्याचा अधिकार निदान पुणें-मुंबईच्या वाचकांस तरी नाहीं.

१९५८ मध्यें खोऱ्याची मोजणी झाली आणि १२० मेगावॉटची योजना आंखली गेली. १९७० सालीं केरळच्या विद्युत् मंडळानें ती पुढें मांडली आणि १९७३ मध्यें नियोजन मंडळानें तिला मान्यता दिली. पाण्याखालीं जाणारें क्षेत्र ८·३ चौरस किलोमीटर. योजनेचे समर्थक म्हणत, एकूण नव्वद चौरस किलोमीटरांच्या खोऱ्यापैकीं एक दशांशही जात नाहीं; मग एवढी ओरड कशासाठीं? त्यांच्या बाजूला वजन होतें. मलबारचे जिल्हे मागासलेले, कारखाने थोडे, शिकलेले तरुण बेकार. मन्नारक्काडच्या बाजारांत बसलेल्या माणसास वानर वांचवा असें सांगणें सोपें नव्हतें. राज्यांतील सत्ताधारी आणि विरोधी असे बहुतेक पक्ष, आणि कामगार संघटना, धरणाच्या बाजूच्या होत्या.

विरोधाचा पहिला सरकारी कागद १९७६ चा. केंद्र सरकारच्या पर्यावरणविषयक समितीनें जफर फत्तेअल्ली यांच्या अध्यक्षतेखालीं एक कार्यदल नेमलें. फत्तेअल्ली हे मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेचे जुने कार्यकर्ते. दलानें योजना सोडून द्यावी असें सुचविलें. पण तें अशक्यच असेल तर या या सतरा अटी पाळाव्या, असेंही लिहून ठेवलें. येथें दलाचा हिशेब चुकला असें म्हटल्यावांचून राहवत नाहीं. दोन दारें उघडीं ठेवलीं म्हणजे मनुष्य सोयीच्या दारानें जातो. राज्य सरकारनें सतराही अटी आनंदानें मान्य केल्या, त्यांचा कायदाही १९७९ मध्यें केला, आणि मुख्य शिफारस बाजूस राहिली. १९७८ मध्यें पंतप्रधान मोरारजी देसाई यांच्या सरकारनें काम सुरू करण्यास हिरवा कंदील दाखविला.

यापुढचा भाग मात्र सरकारी दप्तरांत घडला नाहीं. तो शाळा-महाविद्यालयांतील मास्तरांनीं घडविला. केरळ शास्त्र साहित्य परिषद ही १९६२ मध्यें स्थापन झालेली संस्था. मलयाळींत विज्ञान लिहावें आणि खेड्यांपाड्यांत सांगावें हा तिचा उद्योग. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एम. के. प्रसाद यांनीं खोऱ्याचा प्रश्न परिषदेपुढें आणला. परिषदेच्या सभासदांत धरणाचे चाहते थोडे नव्हते, त्यामुळें प्रथम वाद घरांतच झाला. नंतर पांच जणांनीं मिळून एक अहवाल लिहिला. त्यांत जीवशास्त्रज्ञ होता तसा विजेचा इंजिनियर होता, शेतीचा जाणकार होता आणि अर्थशास्त्रज्ञही होता. या अहवालाचें महत्त्व असें कीं त्यानें केवळ पशुपक्ष्यांच्या करुणेवर भिस्त ठेवली नाहीं. इडुक्कीचा प्रचंड प्रकल्प १९७६ मध्यें सुरू झाला आहे. मलबारला उणीव आहे ती विजेपेक्षां ती वाहून नेणाऱ्या तारांची, असा त्याचा रोख होता. धरणवाल्यांशीं धरणाच्याच भाषेंत बोलणारा हा पहिला प्रतिपक्ष. उरलेलें काम कवींनीं केलें. सुगतकुमारी यांची वृक्षावरील कविता सभांतून म्हटली जाऊं लागली आणि ज्यांना मेगावॉट समजत नव्हते त्यांनाही अरण्य समजलें.

मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेनें योजना रद्द करण्याची मागणी केली. सालिम अली त्या वेळीं ऐंशीच्या पुढें गेले होते. त्यांनीं १९३३ सालीं त्रावणकोर-कोचीनमधील पक्ष्यांची पाहणी करून तो मुलूख पायाखालीं घातला होता. त्यांच्या शब्दाला दिल्लींत मान होता आणि तो त्यांनीं खर्च केला. १९७८ मध्यें अश्काबाद येथें भरलेल्या निसर्गसंरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनेंही सिंहपुच्छ वानराच्या वसतिस्थानाचा प्रश्न उचलला. अश्काबाद त्या वेळीं सोव्हिएत संघांत होतें. आज तें तुर्कमेनिस्तानची राजधानी आहे. डॉ. एम. एस. स्वामिनाथन् यांनीं तर खोऱ्यासह आसपासच्या ३८९·५२ चौरस किलोमीटर रानाचा एकच संरक्षित प्रदेश करावा असें सुचविलें.

१९७९ मध्यें प्रकरण केरळच्या उच्च न्यायालयांत गेलें आणि वृक्षतोडीस तात्पुरती मनाई मिळाली. १९८० च्या जानेवारीच्या आरंभींच न्यायालयानें अर्ज फेटाळला. शास्त्राचा वाद सोडविणें हें न्यायासनाचें काम नव्हे, असा त्याचा एकंदर भाव. कुऱ्हाडी पुन्हां उचलल्या जाणार असें वाटत असतांनाच त्याच महिन्यांत दिल्लींत सरकार बदललें. इंदिरा गांधींनीं पूर्ण विचार होईपर्यंत काम थांबवावें असें राज्यास कळविलें. डिसेंबरांत राज्यानें खोरें राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर केलें. पण धरणाची जागा मोठ्या कौशल्यानें त्यांतून वगळली! ज्या ८·३ चौरस किलोमीटरांसाठीं भांडण, तेवढेंच उद्यानाबाहेर.

अखेर १९८२ मध्यें केंद्र आणि राज्य यांची मिळून एक समिती प्रा. एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखालीं बसली. तिच्या सभासदांत पुण्याचे माधव गाडगीळ होते. ते तेव्हां बंगलोरच्या विज्ञानसंस्थेंत जीवसृष्टीचा आणि माणसाचा संबंध अभ्यासीत होते. १९८३ च्या आरंभीं समितीचा अहवाल आला आणि नोव्हेंबरांत योजना रद्द झाली. वर्षभरानें, १५ नोव्हेंबर १९८४ रोजीं, ८९·५२ चौरस किलोमीटरांचें सबंध खोरें धरणाच्या जागेसह राष्ट्रीय उद्यान झालें. ज्यांच्या शब्दानें तें वांचलें त्या इंदिरा गांधींची हत्या होऊन त्या वेळीं पंधराच दिवस लोटले होते. ७ सप्टेंबर १९८५ रोजीं राजीव गांधी यांनीं उद्यानाचें उद्घाटन केलें आणि सैरंध्री येथें त्यांच्या स्मारकशिलेचें अनावरण केलें. १९८६ मध्यें हें खोरें नीलगिरी जीवावरण क्षेत्राच्या गाभ्यांत आलें आणि २०१२ मध्यें पश्चिम घाटाच्या ३९ स्थळांबरोबर जागतिक वारशाच्या यादींत गेलें.

नदीचा मोह एवढ्यानें संपला नाहीं. उद्यानाच्या हद्दीबाहेर, थोडें खालच्या अंगास, पात्रक्कडवु येथें लहान धरण बांधण्याची योजना २००० नंतर पुढें आली. या खेपेस पाणी खोऱ्यांत चढणार नव्हतें. बुडणारें क्षेत्र अगदीं थोडें होतें. तरीही जुने वादी-प्रतिवादी पुन्हां समोरासमोर आले. २००७ मध्यें केरळ सरकारनें उद्यानाभोंवतालचें १४८ चौरस किलोमीटर रान संरक्षक पट्टा म्हणून राखून ठेवलें.

आज प्रवाशास खोरें पाहावयाचें तर मन्नारक्काडहून अट्टप्पाडीच्या वाटेवरील मुक्कालीस जावें लागतें. तेथून वनखात्याच्या गाडींतून तेवीस किलोमीटरांचा जंगलरस्ता सैरंध्रीस पोहोंचवतो. बरोबरचा वाटाड्या पुष्कळदां अट्टप्पाडीचा आदिवासी असतो आणि त्याचे डोळे प्रवाशापेक्षां दसपट तीक्ष्ण असतात. डिसेंबरपासून एप्रिलपर्यंतचा काळ सोयीचा. पावसाळ्यांत जळवा पायमोज्यांतून वाट काढतात. गाभ्याच्या जंगलांत प्रवाशांस प्रवेश नाहीं. वाघ-हत्ती पाहण्याच्या आशेनें येणारांची येथें बहुधा निराशा होते. छत डोक्यावर तीस मीटर उंच, आणि सृष्टीचा सगळा संसार त्या छतावर मांडलेला. खालून फार तर हलणारी एक फांदी, गळून पडलेलें अर्धवट खाल्लेलें काटेरी फळ, आणि वरून कोठून तरी येणारी वानराची हाक, एवढेंच पदरीं पडतें. ज्यांना हें पुरतें त्यांनीं अवश्य जावें. ज्यांना पुरत नाहीं त्यांच्यासाठीं प्राणिसंग्रहालयें आहेत.

सैरंध्रीस एक उंच मनोरा बांधलेला आहे. त्यावर चढलें कीं त्या छताची बाजू प्रथमच वरून दिसते. उत्तरेकडे नजर पोहोंचेल तेथवर हिरवा, गोळाबेरीज ढगांसारखा पसरलेला झाडोरा, आणि त्यामागें नीलगिरीचे कडे. नवीन पालवीचे तांबूस पट्टे त्यांत मधून मधून दिसतात. दक्षिणेस नदीची ती अरुंद खिंड. मनोऱ्यापासून दीड किलोमीटर खालीं उतरलें म्हणजे कुंतीपुळेचें पात्र आणि त्यावरचा झुलता पूल लागतो. वाटाडे तेथें उभे राहून धरणाची भिंत कोणत्या दोन खडकांच्या मध्यें येणार होती तें बोटानें दाखवितात. खडकांच्या मधून पाणी स्वच्छ वाहत असतें. पुढें तें तुतापुळेला मिळून भारतपुळेंत जातें आणि पोन्नानीजवळ समुद्रास मिळतें.